वीस सेकंद, चाळीस लिटर

एकतीस वर्षं मी बँकेत कॅशियर होते. दुपारी चारला काउंटर बंद करताना बोटांची टोकं काळी झालेली असायची, आणि तो काळेपणा शाईचा नसायचा, नोटांच्या तेलकट मळाचा असायचा. नुसत्या पाण्याने तो हलत नाही. साबण दोनदा लावला तरी अंगठ्याच्या कडेला थोडा राहतोच. त्यामुळे हात धुणं या विषयात आपल्याला कुणी काही शिकवायचं बाकी आहे असं मला वाटत नव्हतं. मग सप्टेंबर २०२४ ते जून २०२५ या काळात मी बडोद्यातल्या एका अंगणवाडीत एकच काम केलं: तीन ते सहा वर्षांच्या चोवीस मुलांनी खाण्याआधी साबणाने हात धुवावेत, एवढंच. त्यात जे जे फसलं ते लिहून ठेवते आहे. कुणी असं काही करायला निघालं असेल, तर निदान त्यांचे तेवढे दिवस वाचतील.

सुरुवात पुरापासून. २६ ऑगस्टला, जन्माष्टमीच्या दिवशी, पाऊस थांबायचं नाव घेईना. विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी २५ फुटांची, त्या आठवड्यात पाणी ३५ च्याही वर गेलं. आमचं घर उंचावर म्हणून आम्ही बचावलो. ५ सप्टेंबरला भिशीतल्या आम्ही सहाजणी चादरी आणि बादल्या घेऊन नदीकाठच्या एका वस्तीत गेलो. तिथली अंगणवाडी म्हणजे एक खोली, पुढे ओटा, मागे संडास. भिंतीवर चिखलाची रेघ उमटलेली होती, माझ्या खांद्याला लागेल इतक्या उंचीवर. खाली बसलेल्या मुलांची डोकी त्या रेघेपासून बरीच खाली.

सुखडी (कणीक, तूप आणि गुळाची वडी) वाटायची वेळ झाली. तेडागर बेनने (मदतनीस बाईंना गुजरातेत तेडागर म्हणतात, म्हणजे घरोघरी जाऊन मुलांना आणणारी) ओट्यावर एक टब ठेवला, त्यात दोन तांबे पाणी ओतलं आणि मुलं रांगेने आली. प्रत्येकाने त्याच पाण्यात हात बुडवून काढले. पहिल्या मुलाच्या वेळी टबाचा तळ दिसत होता. दहाव्याच्या वेळी पाणी ताकासारखं गढूळ झालं आणि शेवटच्या दोघांपर्यंत त्याचा चहा झाला. शेवटची होती लाल चपला घातलेली, तीन वर्षांची. तिने हात बुडवले, फ्रॉकला पुसले आणि सुखडी घेतली. ती बुडवताना हातांवर माती नव्हती, काढले तेव्हा होती.

तेडागर बेनला दोष द्यायचा प्रश्नच नव्हता. पाणी सकाळी पाऊण तास येतं, तेही गल्लीच्या टोकाशी असलेल्या नळाला. स्वयंपाक, पिणं, भांडी, संडास, सगळं त्यातच भागवायचं. सयाजीरावांनी १८९२ साली आजवा तलावाचं पाणी शहरात आणलं हे आम्हा बडोदेकरांना शाळेपासून पाठ आहे, पण शहरात आलेलं पाणी गल्लीच्या टोकापासून ओट्यापर्यंत बाईच्या कमरेवरूनच येतं.

घरी येऊन मी भिशीत विषय काढला. आपण नळाचा कॅन बसवू, मी रोज जाऊन मुलांना शिकवीन. सगळ्या हो म्हणाल्या. मला वाटलं, सोमवारपासून सुरू.

अंगणवाडीत बाहेरच्या माणसाने रोज येऊन मुलांबरोबर काही करायचं तर लेखी परवानगी लागते. लागायलाच हवी, लहान मुलांचा मामला आहे. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, १८ सप्टेंबरला, मी अर्ज घेऊन कचेरीत गेले. अर्ज मराठी वळणाच्या गुजरातीत होता, तिथल्या क्लार्कने माझ्या दोन वेलांट्या सुधारून दिल्या. मग त्याने विचारलं, संस्थेचं लेटरहेड कुठे आहे? मी म्हटलं, संस्था नाही, भिशी आहे. तो हसला नाही. "पछी आवजो," म्हणाला. नंतर या.

लेटरहेड मिळवण्यात आठ दिवस गेले. ओळखीतल्या एका ट्रस्टने पत्र दिलं, त्यात मी त्यांची स्वयंसेविका असल्याचं लिहिलं. सोबत आधारची प्रत, दोन फोटो, आणि नेमकं काय करणार याचं एक पान. हे पान मी आधी अर्ध्या ओळीत उरकलं होतं, ते परत आलं. दुसऱ्यांदा लिहिलं तेव्हा रोज किती वाजता येणार, किती वेळ थांबणार, काय वस्तू आणणार, खायला काही देणार नाही, मुलांचे फोटो काढणार नाही, फलक लावणार नाही, असं सगळं लिहिलं. ते लगेच घेतलं गेलं. तुम्ही करणार असाल तर हे पान पहिल्यांदाच नीट लिहा. आणि अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका. पहिल्या खेपेला मी तो घेतला नव्हता. पुढल्या वेळी टेबलावर वेगळा माणूस होता आणि माझा कागद कुठेच नव्हता.

२२ ऑक्टोबरला पत्र हातात आलं. मुदत ३१ मार्चपर्यंत.

मधल्या काळात १५ ऑक्टोबर येऊन गेला. जागतिक हात धुवा दिन, २००८ पासून पाळतात. त्या दिवशी मी सहज डोकावले तर ओट्यावर फलक, पाहुणे, फोटो. पाहुण्यांनी सहा बाटल्या सॅनिटायझर दिला आणि गेले. मुलांचे हात चिखलाने भरलेले होते. सॅनिटायझर मळलेल्या किंवा तेलकट हातांवर नीट चालत नाही, आणि उलटी-जुलाब करणाऱ्या काही विषाणूंवर तर साबण-पाण्याची बरोबरी तो करूच शकत नाही. शिवाय त्यात निम्म्याहून जास्त अल्कोहोल. एका मुलाने तळहात चाटल्यावर कार्यकर बेननी (अंगणवाडी सांभाळणाऱ्या सेविका) बाटल्या कपाटात घालून कुलूप लावलं. माझ्या मते त्या दिवसातलं सर्वांत शहाणं काम तेच.

दिवाळीची सुट्टी, मग लाभपाचम, आणि ११ नोव्हेंबरला, सोमवारी, प्रत्यक्ष सुरुवात.

आधी उंची मोजली. शिंप्याची टेप घेऊन सगळ्यांच्या कोपराची उंची घेतली. लाल चपलांची ५२ सेंटीमीटर, सगळ्यात उंच मुलाची ६६. नळाचं तोंड जमिनीपासून ५५ वर ठेवायचं ठरवलं. मोठ्यांच्या बेसिनपाशी मुलांना उभं केलं की पाणी कोपरातून उलटं बाहीत शिरतं, आणि एकदा बाही ओली झाली की मूल दुसऱ्यांदा नळाकडे फिरकत नाही. वीस लिटरचे दोन कॅन प्रत्येकी २६० ला घेतले, तळाशी भोक पाडून प्लास्टिकच्या दोन तोट्या ९० रुपयांत, टेफ्लॉन टेप आणि वायसर ३०. लोखंडी घोडी वेल्डरकडून करून घेतली, ११५०. खाली सांडपाण्याला दोन बादल्या, २२०. त्या रात्री पुण्याच्या बहिणीला फोनवर म्हटलं, "आज दोन चकल्या बसवल्या." ती म्हणाली, दिवाळी संपली की गं. गुजरातीत नळाच्या तोटीला चकली म्हणतात आणि इथे जन्म गेल्यामुळे माझ्या तोंडी तेच बसलंय.

पहिल्या दिवशी मुलांनी चकली पिळली, पाणी आलं, आनंदाने ओरडली आणि बंद कुणीच केली नाही. नाश्त्याआधीच दोन्ही कॅन रिकामे. चाळीस लिटर. जेवणाआधी पुन्हा भरायचे होते. तेडागर बेनने रिकाम्या कॅनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी तेव्हा मुलांना टाळ्या वाजवत गाणं शिकवत होते.

"बेन," ती म्हणाली, "गीत तमे गाव छो, पाणी हुं भरुं छुं."

तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. गाणं तुमचं, पाणी माझं. मी घरी आले आणि दोन दिवस गेलेच नाही. ताप आल्याचं सांगितलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी पावणेसातला थेट गल्लीच्या नळावर गेले. पाणी यायच्या आधी तिथे किती हंडे लागतात ते पाहिलं, आणि तिच्याबरोबर दोन खेपा केल्या. अठ्ठावन्नाव्या वर्षी वीस लिटरचा कॅन पन्नास पावलं नेला की पाठीत जे होतं, ते कुठल्याही प्रशिक्षणात सांगत नाहीत. त्या दिवसापासून माझं काम बदललं. मुलांना शिकवण्याच्या आधी पाणी ओट्यापर्यंत कसं येईल ते बघायचं.

ओट्यासमोरच्या घरातल्या बाईंचा मुलगा अंगणवाडीतच होता. त्यांच्या अंगणातल्या तोटीवरून बारा मीटरचा पाइप टाकला तर ओट्यापर्यंत पोचत होता. त्यांनी अट घातली: पाइप त्यांच्याकडे राहणार आणि त्यांची झाडं आधी. मान्य. पाइप ३६० रुपये. सकाळी साडेसातला त्या पाइप सोडतात, तेडागर बेन कॅनवर धरते, चार मिनिटांत काम होतं.

पाणी आलं, पण नासाडी थांबेना. मग चकल्या काढून वॉटर कूलरला असतात तसल्या दाबायच्या तोट्या आणल्या, दोन मिळून १८०. दाबलं की पाणी, सोडलं की बंद. नवी अडचण अशी की एक हात तोटीवर अडकला तर हात चोळायचे कसे? इथे उत्तर मला नाही, एका पाच वर्षांच्या मुलाला सुचलं. तो मित्रासाठी तोटी दाबून उभा राहिला आणि म्हणाला, आता तू माझी दाब. तेव्हापासून जोडीने हात धुतात. दाबणारा दुसऱ्याच्या हातांकडे बघत उभा असतो, आणि फेस नीट झाला नाही तर तोटी दाबतच नाही. माझ्या देखरेखीपेक्षा ही देखरेख कडक. खालच्या बादलीतलं पाणी मापलं तर चोवीस जणांचं मिळून साडेचार लिटर भरलं. माणशी वाटीभर. दुसरा कॅन तेव्हापासून बहुतेक दिवस रिकामाच असतो आणि तेडागर बेनने त्याचं झाकण तिच्या तांदळाच्या डब्याला लावलंय.

साबणाची गोष्ट वेगळी. पहिली वडी ओट्यावर ठेवली, ती दुसऱ्या दिवशी गायब. मला वाटलं कुणी नेली. मनात नको ते आलंही. बुधवारी माझ्या डोळ्यांदेखत एक कावळा आला, वडी चोचीत धरली आणि समोरच्या पत्र्यावर जाऊन बसला. कावळ्यांना साबणाची चटक असते, हे तिथल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. मग कांद्याच्या जाळीच्या पिशवीत वडी घालून टांगली. जाळीमुळे फेस छान येतो, पण खालची वडी ओली राहून दोन दिवसांत शेंबडासारखी होते, आणि मुलं तिला हात लावेनात. शेवटी साबणाचं पाणी केलं. बांगलादेशात ही युक्ती बऱ्याच ठिकाणी वापरतात: दीड लिटर पाण्यात ३० ग्रॅम धुण्याची पावडर. मी पावडरीऐवजी हात धुण्याचा सौम्य द्रव पातळ करून भरला, कारण दोन मुलांच्या हातांना खरूज होती. बाटलीच्या झाकणाला तापवलेल्या सुईने एकच भोक पाडायचं. दोन पाडली तर मुलं पिचकारी करतात. तीन बाटल्या, ७५ रुपये.

रुमालांचाही प्रयोग झाला. एकच पंचा सगळ्यांनी वापरला तर धुतलेल्या हातांना पुन्हा तेच लागतं, म्हणून चोवीस खिळे, चोवीस रुमाल, आणि वाचता येत नाही म्हणून प्रत्येकावर वेगळं चित्र: पतंग, आंबा, मगर (मगरींच्या विश्वामित्रीकाठची मुलं, मगरीसाठी भांडण झालं). देखणं दिसत होतं. पण चोवीस रुमाल रोज धुणार कोण? हा प्रश्न या वेळी तेडागर बेनने विचारायच्या आधी मलाच पडला. रुमाल घरी पाठवून दिले. आता हात झटकून वाळवतात.

शिकवण्याबद्दल. भारतभर शाळांमध्ये ‘सुमन-क’ चालतं: सीधा, उलटा, मुठ्ठी, अंगूठा, नाखून, कलाई. सहा गोष्टी तीन वर्षांच्या मुलासाठी जास्त होतात, असं माझं मत झालंय. मी चार ठेवल्या. तळवे, पाठ, अंगठे, नखं. अंगठा आणि बोटांची टोकं हेच सगळ्यांचं राहून जातं, मोठ्यांचंसुद्धा, आणि कॅशियरला हे सांगायला नको. वीस सेकंद चोळायचं म्हणून चार ओळींचं गाणं जोडलं. घड्याळ लावून पाहिलं तर सुखडी समोर दिसत असताना ते सात सेकंदांत संपलं. मग नियम केला की हात धुऊन होईपर्यंत सुखडीच्या डब्याचं झाकण उघडायचं नाही. गाणं आपोआप लांबलं.

जंतू दाखवायच्या भानगडीत मी तोंडावर आपटले. पाण्यावर मिरपूड टाकून साबणाचं बोट बुडवलं की मिरपूड कडेला पळते, तो खेळ केला. मुलं खूश. पळते ती जंतू म्हणून नव्हे, साबणाने पाण्याचा वरचा ताण मोडतो म्हणून, पण असो. एका मुलीने तेच बोट डोळ्याला लावलं. पुढची वीस मिनिटं मी तिचा डोळा धूत होते आणि तिची आजी माझा उद्धार करत होती. मग पावाचा प्रयोग. एक तुकडा मळक्या हातांनी हाताळलेला, एक धुतलेल्या, दोन वेगळ्या पिशव्यांत. आठवड्याने मळक्या हातांच्या पावाला बुरशी यायला हवी. दोन्हींना आली. धुतलेल्या हातांच्या पावाला जरा जास्तच. हात ओलेच लावले होते, हे नंतर लक्षात आलं. मुख्य सेविका, म्हणजे अंगणवाड्यांवर देखरेख करणाऱ्या बाई, त्याच दिवशी भेटीला आल्या होत्या. त्यांनी दोन्ही पिशव्या पाहिल्या, काही बोलल्या नाहीत, वहीत काहीतरी लिहिलं.

पारदर्शक साबणात छोटं खेळणं घालायचं, म्हणजे ते मिळवायला मुलं हात धूत राहतात, अशीही कल्पना मी कुठूनशी उचलली होती. ती मात्र मुख्य सेविकांनी जागीच बंद केली. तीन वर्षांचं मूल, बोटाएवढं खेळणं, घशात अडकलं तर? त्यांचं बरोबर होतं. तीन ग्लिसरीन साबण आणि प्लास्टिकचा हत्ती अजून माझ्या बाथरूममध्ये आहेत.

त्याच सुमारास मी चित्तूरच्या अभ्यासाबद्दल वाचलं. आंध्रातल्या त्या जिल्ह्यात चौदा गावांवर हा प्रयोग झाला, २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. जंतू, रोग, आकडे यातलं काही न बोलता, किळस, आईची माया अशा भावनांवर भर दिला. सहा महिन्यांनी मोहीम झालेल्या गावांत मोक्याच्या वेळी साबणाने हात धुणाऱ्यांचं प्रमाण ३७ टक्के होतं, बाकीच्या गावांत ६. कराचीतल्या वस्त्यांचा २००५ चा अभ्यास माझ्या पुतण्याने आधीच दाखवला होता: साबण दिला आणि सतत भेटी देत राहिलं, तर पंधरा वर्षांखालच्या मुलांत जुलाब निम्म्यावर आले. त्यामुळे साबणाचं महत्त्व मला पटलेलं होतं. चित्तूरने सांगितलं की ते महत्त्व मुलांना पटवत बसू नकोस. मी जंतू हा शब्दच सोडून दिला.

किळस मला उत्तरायणने, म्हणजे गुजरातेतल्या पतंगांच्या संक्रांतीने, फुकटात पुरवली. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापासून गल्लीत दोरा पाजायचं काम चालू होतं आणि मुलं दिवसभर त्याच्या आजूबाजूला. १३ जानेवारीला सगळ्यांचे हात मांजाच्या गुलाबी रंगाने माखलेले. मी काहीच बोलले नाही, पांढऱ्या कागदावर एकेकाचा हात टेकवून घेतला. गुलाबी पंजे उमटले. मग धुऊन पुन्हा टेकवले. पहिल्या धुण्यात पंजा फिका झाला पण अंगठा आणि नखांची टोकं तशीच गुलाबी. "आ रह्युं!" जोडीदार एकमेकांचे अंगठे पकडून ओरडत होते. हे राहिलं, हे राहिलं. दुसरं धुणं कुणाला सांगावं लागलं नाही. मी दोन महिने जे गाण्यातून सांगत होते ते त्या दिवशी दहा मिनिटांत झालं. वर्षभर मांजा कुठून आणायचा? गुलाल किंवा तेलात कालवलेली हळद चालते. हळदीने कपडे खराब होतात, आयांना आधी सांगा.

आयांची सभा फेब्रुवारीत झाली. मला वाटलं कौतुक होईल. एक आई उठली आणि म्हणाली, तुमच्यामुळे दहा रुपयांची वडी पाच दिवसांत संपते. मुलगा ताटावर बसायच्या आधी, उठल्यावर, मधेच, कधीही फेस करत बसतो. तिचा नवरा रोजंदारीवर. दहा रुपये पाच दिवसांत म्हणजे महिन्याला साठ, तिने हिशोब करूनच आणला होता. माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेडागर बेनकडे होतं. तिने साबणाच्या पाण्याची बाटली सगळ्यांसमोर हलवून दाखवली. उरलेल्या वड्यांचे तुकडे किसून यात टाका, म्हणाली, आणि भोक एकच. मी शेवटच्या रांगेत बसून ऐकत होते.

संडासनंतर हात धुणं खरं तर जास्त महत्त्वाचं, पण तिथे मी कमी पडले. मागचा संडास पुरानंतर डिसेंबरपर्यंत बंद होता, आणि सुरू झाल्यावरही पुढच्या ओट्यावरच्या नळापर्यंत येईस्तोवर मुलं विसरतात. तिथे वेगळी तोटी हवी. ती अजून नाही.

जाता जाता हिशोब, कारण मला कुणी सांगितला नव्हता. सामान २६२५, त्यात आधीच्या ९० रुपयांच्या चकल्या वाया गेल्या. रिक्षा आणि झेरॉक्स साधारण ४००. भिशीने २००० दिले, उरलेले माझे. हात धुण्याचा द्रव महिन्याला शंभरच्या आत. आणि फायद्याचा हिशोब विचाराल तर जुलाब कमी झाले असं मी म्हणणार नाही, चोवीस मुलांवरून तसं काही ठरत नसतं. कॅशियरच्या सवयीने मी फक्त वहीत रेघा मारल्या: कुणीही न सांगता नाश्त्याआधी किती जण नळाशी जातात. नोव्हेंबरात पाच. मार्चच्या शेवटी, एकवीस हजर होते त्या दिवशी, सतरा. उरलेल्या चौघांत लाल चपला नेहमी असायच्या. तिला गार पाणी आवडत नाही.

३१ मार्चला मुदत संपली. मुदतवाढीचा अर्ज १० मार्चलाच दिला होता, या वेळी शिक्क्यासकट. तरी पत्र यायला मेचा तिसरा आठवडा उजाडला. दीड महिन्याहून अधिक मी वस्तीत गेले नाही, कारण परवानगीशिवाय जाणं बरोबर नव्हतं आणि कार्यकर बेनना उगाच उत्तर द्यावं लागलं असतं. त्यांचा अर्धा दिवस तसाही पोषण ट्रॅकर या सरकारी अ‍ॅपमध्ये हजेरी आणि फोटो चढवण्यात जातो. घरी बसून मला खात्रीच वाटू लागली होती की घोडीवर आता कपडे वाळत असतील.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात गेले. कॅन नवाच होता, निळा. जुना मेच्या उन्हात तडकला, तेडागर बेनने सांगितलं. आयांनी दहा-दहा रुपये काढले आणि तिने जाऊन आणला. तोटी जुनीच, वायसर नवा. मी विचारलं, केवढ्याला पडला?

"बसो चाळीस," ती म्हणाली. दोनशे चाळीस. मग माझ्याकडे जरा दयेने बघत, "तमने छेतर्या, बेन."

तुम्हाला फसवलं. एकतीस वर्षं नोटा मोजल्या, आणि दर कॅनमागे वीस रुपये घालवून आले होते.